संस्थेला विश्वासाने सांगितलेलं पुढे कुठे जातं? तुमचे अनुभव लिहा

संस्थेत काम करणाऱ्या माणसाला लोक काय काय सांगतात याची बाहेर फारशी कल्पना नसते. आजार, कर्ज, नवऱ्याची मारहाण, कोर्टातली केस, मुलीचं मोडलेलं लग्न. हे सगळं कुठल्या तरी अर्जात, रजिस्टरमध्ये, कार्यकर्त्याच्या मोबाइलमध्ये जाऊन बसतं. मी आजवर जे पाहिलं त्यात माहिती दुष्टपणाने फुटलेली फार कमी. ती फुटते देणगीदाराला काम दाखवायच्या उत्साहात, नाहीतर 'आपल्याच माणसाला सांगितलं, त्यात काय बिघडलं' असं म्हणत. संस्थेत काम करणाऱ्यांनी लिहावंच, पण ज्यांनी कधी संस्थेची मदत घेतली त्यांनी तर जरूर लिहावं. माणसांची, गावांची, संस्थांची नावं टाळा.

समुपदेशक, एचआयव्हीसह जगणाऱ्यांसोबत काम, पश्चिम महाराष्ट्र

आमच्याकडे पहिला नियम असा की संस्थेची पाटी लावलेली जीप वस्तीत न्यायची नाही. जीप ज्या दारात थांबते, त्या घराची चौकशी संध्याकाळपर्यंत गावभर होते. आम्ही एसटीने जातो. कित्येकींच्या फोनमध्ये माझा नंबर 'शिलाई मॅडम' म्हणून आहे. फोन सासूने किंवा दिराने उचलला, तर 'क्लासला येणार का, विचारायचं होतं' एवढंच बोलायचं, हे त्या बाईशी आधीच ठरलेलं असतं. केसपेपरवर नाव नसतं, क्रमांक असतो. क्रमांक कुणाचा हे सांगणारी वही वेगळ्या कपाटात, आणि त्याची किल्ली दोघींकडेच.

खरी कसोटी लागते ती सरकारी मदत मिळवून देताना. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत एचआयव्हीबाधितांनाही पैसे मिळतात, पण अर्ज जातो तहसीलला आणि वाटेत तो अनेकांच्या हातून फिरतो. एका गावातल्या पंचायत सदस्यांचा फोन आला, "ताई, आमच्या गावातले तुमचे जेवढे पेशंट आहेत त्यांची यादी पाठवा, एका झटक्यात सगळ्यांचं काम करून टाकतो." त्यांच्या हेतूबद्दल मला जराही शंका नव्हती. मी म्हटलं, "दादा, यादी मिळणार नाही. ज्याला अर्ज करायचाय त्याला मी स्वतः घेऊन येते." ते चिडले, तेव्हा त्यांना कायद्याची झेरॉक्स नेऊन दाखवली. 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे आणि त्याच्या कलम 8 प्रमाणे माणसाच्या संमतीशिवाय त्याची एचआयव्ही स्थिती उघड करता येत नाही. मग मी एकेकाला वेगळं गाठून विचारलं. काहींनी अर्ज केला. काहींनी सरळ सांगितलं, "पैसे नकोत मॅडम, पण गावात नाव नको." ज्या घरात महिन्याचा किराणा उधारीवर येतो, तिथून हे ऐकताना पोटात तुटतं. तरी त्यांच्या वतीने 'हो' म्हणायचा अधिकार मला नव्हता.

टीबी रुग्णांना आहार वाटप, उत्तर महाराष्ट्र

2022 च्या सप्टेंबरमध्ये निक्षय मित्र ही टीबी रुग्णांना लोकांकडून मदत मिळवून देणारी सरकारी योजना सुरू झाली, तेव्हापासून आमचं मंडळ रुग्णांना पोषण आहाराची किट देतं. देणाऱ्यांना फोटो हवा असतो: मागे बॅनर, मध्ये पाहुणे आणि हातात पिशवी घेतलेला पेशंट. आमच्या ओळखीच्या एका रिक्षावाल्याचा असा फोटो दुसऱ्या एका कार्यक्रमात निघाला आणि व्हॉट्सॲपवर फिरला. त्याच्या रिक्षातून शाळेत जाणाऱ्या मुलांच्या आयांनी दुसरी रिक्षा लावली. तो नियमित औषध घेत होता, त्याच्यापासून कुणाला लागण व्हायची भीती तोवर जवळजवळ उरलेली नव्हती, पण हे कोण ऐकून घेणार?

आम्ही फोटो काढतो तो रचून ठेवलेल्या किटचा. किट आरोग्य केंद्रात, गोळ्या न्यायला येतील तेव्हाच देतो. एका देणगीदाराने यामुळे हात आखडता घेतला. बाकीचे टिकले.

शिष्यवृत्ती घेतलेला विद्यार्थी, आता नोकरी, पुणे

समुपदेशक ताईंचं वाचून लिहावंसं वाटलं. दहावीनंतर एका ट्रस्टने मला शिष्यवृत्ती दिली. त्यांचे माझ्यावर उपकार आहेत आणि ते मी मानतो. पण गुणगौरव समारंभात निवेदकाने माझा अर्जच वाचून दाखवला. वडील व्यसनापायी घर सोडून गेलेले, आई चार घरची धुणीभांडी करते, वार्षिक उत्पन्न अमुक. हॉलमध्ये माझ्या वर्गातली मुलं बसलेली. आई ज्यांच्याकडे कामाला जायची त्या बाईही होत्या. टाळ्या खूप पडल्या. पुढे तेच सगळं स्मरणिकेत छापून आलं, फोटोसकट.

अर्जात ते मीच लिहिलं होतं, कारण 'कौटुंबिक परिस्थिती सविस्तर लिहा' असा रकाना होता. तो रकाना निवड समितीने वाचायचा होता, माइकवर नव्हे. आई त्यानंतर त्या ट्रस्टच्या एकाही कार्यक्रमाला आली नाही. आज अशी मदत करणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, की स्टेजवर मुलाचे मार्क वाचा, पुढे काय शिकणार ते वाचा. घरचं काही सांगायचं असेल तर त्याला आधी बाजूला घेऊन विचारा. तेही चेक हातात द्यायच्या वेळी नको, त्या घटकेला कुठलं पोरगं 'नाही' म्हणेल?

मुलांसोबत काम, वसतिगृह, मराठवाडा

मुलांच्या बाबतीत गुप्ततेला एक हद्द आहे, ती नव्या कार्यकर्त्यांना पहिल्याच आठवड्यात शिकवावी लागते. मुलं म्हणतात, "ताई, शपथ घे कुणाला सांगणार नाहीस." ती शपथ घ्यायचीच नाही. 2012 च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा तशी शंका आली, तर पोलिसांना कळवणं कुणालाही बंधनकारक आहे. न कळवणं हाच गुन्हा. म्हणून मी पहिल्या भेटीतच सांगते, "तू बोलशील ते मी मैत्रिणींना नाही सांगणार, स्वयंपाकाच्या मावशींना नाही, बाईंनाही उगाच नाही. फक्त तुला कुणी त्रास देत असेल तर काही माणसांना सांगावंच लागेल. कुणाला सांगणार, ते आधी तुला सांगेन." यामुळे मुलं गप्प बसतील असं मला वाटायचं. उलट झालं. कोणाला कळणार हे माहीत असलं की त्यांना बोलायला धीर येतो.

आणि एकदा कळवलं म्हणजे सगळ्या स्टाफला कळायला हवं असं नाही. हे पाळणं फार अवघड जातं. अधीक्षक, बालकल्याण समिती, पोलीस, डॉक्टर, बस्स. चहाच्या वेळी कुणी "काय झालं हो त्या पोरीचं?" म्हणून विचारलं, तर "तिचं बघतोय आम्ही" एवढंच उत्तर. तिला एकटीलाच जास्तीचं दूध, एकटीलाच नवी चादर, असली मायाही नको, कारण त्यावरूनच बाकीच्या मुली ओळखतात.

वधू-वर सूचक मंडळ, कोल्हापूर

आमच्या मेळाव्याच्या पुस्तिकेत पूर्वी उमेदवाराचा मोबाइल नंबर छापायचे. पुस्तिका रद्दीत जायची आणि मुलींना दोन-दोन वर्षं नको ते फोन यायचे. घटस्फोटित आणि विधवा मुलींना तर सर्वांत जास्त. आता फक्त नोंदणी क्रमांक असतो, आणि दोन्हीकडून होकार आल्यावर पालकांचे नंबर देतो. जुन्या सभासदांची कुरकुर चालू आहे, चालू दे. लग्न ठरलं की बायोडेटा आणि फोटो परत करतो, उरलेल्या झेरॉक्स फाडून टाकतो.

संस्थेचे हिशेब बघणारा, ठाणे

देणगीदारांचंही लिहायला हवं. देणगीदाराला आयकरात सवलत हवी असेल तर संस्थेला दरवर्षी आयकर खात्याकडे त्याचं नाव, पत्ता, पॅन आणि रक्कम भरावी लागते. म्हणजे लहानशा ट्रस्टच्या कॉम्प्युटरवरही शेकडो लोकांचे पॅन पडून असतात, बहुतेकदा पासवर्डशिवाय. आधारची प्रत द्यावीच लागली तर शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार डाउनलोड करून द्या, ते सोपं आहे.

महाराष्ट्र मंडळाची सचिव, इंग्लंड

इथे 2018 पासून माहिती संरक्षणाचे नियम कडक आहेत. सभासदाने मागितलं तर आपण त्याच्याबद्दल काय काय नोंदवून ठेवलंय ते साधारण महिन्याभरात द्यावं लागतं. गणपतीत मुलांच्या ॲलर्जीचे फॉर्म भरून घेतो, ते विसर्जनानंतर श्रेडरमध्ये जातात.

पण मला सांगायचंय ते वेगळं. आमची एक सभासद मारहाणीमुळे घर सोडून गेली. काही दिवसांनी मंडळातल्याच एका ज्येष्ठांचा फोन, "अगं, तिचा नवा पत्ता दे. घरचे बिचारे काळजीत आहेत, समजूत घालून मिटवू." मी नकार दिला. "निरोप पोचवते" असंही म्हणाले नाही, कारण तेवढ्यावरूनही ती माझ्या संपर्कात आहे हे उघड झालं असतं. म्हटलं, "काका, मी कोणत्याच सभासदाबद्दल काही सांगत नाही." ते दुखावले, अजून नीट बोलत नाहीत. समितीतल्या दोघांना हा ताठरपणा वाटला. पुढच्या मीटिंगमध्ये मी विषय मांडला आणि बरीच वादावादी होऊन ठरलं, की असा फोन आला तर प्रत्येकाने हेच एक वाक्य बोलायचं, माणूस कितीही जवळचा असो. नव्या स्वयंसेवकाला आता ते वाक्य लिहूनच देतो.