मुलांच्या बुधवारच्या कार्यक्रमासाठी मदत हवी आहे
सर्व बंधुभगिनींना प्रभूच्या नावात सलाम. आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) दर बुधवारी संध्याकाळी मुलांसाठी कार्यक्रम सुरू करण्याचा विचार आहे. 1950 साली सुरू झालेल्या अवाना या मुलांच्या ख्रिस्ती शिक्षणाच्या कार्यक्रमासारख्या तयार अभ्यासक्रमात वयोगटानुसार पुस्तिका, बायबलमधील वचनांचे पाठांतर आणि खेळ असतात. परंतु प्रत्येक मुलाचे पाठांतर स्वतंत्रपणे ऐकायचे असल्याने बरीच माणसे लागतात, आणि आमची खरी अडचण तीच आहे, कारण शब्बाथ शाळेच्याच (मंडळीतील मुलांच्या साप्ताहिक बायबल-वर्गाच्या) शिक्षकांवर आठवड्याच्या मध्यात पुन्हा भार टाकणे मला योग्य वाटत नाही. प्रत्येक वर्गात किमान दोन प्रौढ हवेतच, यात तडजोड नाही. पालकांना आळीपाळीने जबाबदारी दिल्यास मुलांची शिकवणाऱ्यांशी जवळीक टिकते का? कमी स्वयंसेवकांत चालणारा अभ्यासक्रम कोणी वापरला असल्यास कृपया अनुभव कळवावा.