हेल्मेटचा वाद: मुद्दा तपासा की भाषा?

चौकस:
हेल्मेटसक्तीचा विषय निघाला की पुण्यात ठरलेलं वाक्य येतं: 'आमच्या काकांनी ४० वर्षं बिनहेल्मेट स्कूटर चालवली, काही झालं नाही.' अहो, ज्यांना झालं ते सांगायला येत नाहीत! न्यायदर्शनात, म्हणजे आपल्या प्राचीन तर्कशास्त्रात, चर्चेचे तीन प्रकार आहेत. सत्य शोधायला वाद, जिंकायला जल्प, आणि स्वतःचं काहीच न मांडता समोरच्याचं फक्त खोडायचं ती वितंडा. आपल्याकडे शेवटचे दोनच उरलेत. प्रतिज्ञा (आपलं म्हणणं) आणि हेतू (त्यामागचं कारण) मांडता येत नसतील तर मत देऊच नये.

गाडीवाला कोथरूडकर:
तीव्र असहमत. मागे एका काकूंना तुम्ही 'हा हेत्वाभास आहे', म्हणजे कारणच सदोष आहे, म्हणून मोकळे झालात. त्या गप्प बसल्या, पण पटलं म्हणून नव्हे. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की हेल्मेटमध्ये मागचा हॉर्न नीट ऐकू येत नाही, त्यामुळे धडक बसायची भीती वाटते. त्याचं उत्तर राहिलंच.

चौकस:
२००८ चा कॉक्रेन आढावा (अनेक अभ्यास एकत्र तपासून काढलेला निष्कर्ष) बघा. हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्के आणि डोक्याला इजा होण्याचा सुमारे ६९ टक्के कमी होतो. यापुढे हॉर्नचं काय घेऊन बसलात?

निळी शाई:
थांबा जरा. हे आकडे अपघात झालेल्या दुचाकीस्वारांचे आहेत. काकू विचारतायत की हेल्मेटने अपघातच वाढतो का. तुम्ही दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर दिलंत, तेही ऐटीत. शिवाय मानेच्या इजेबद्दल ठाम सांगण्याइतका पुरावा नाही, असं तोच आढावा म्हणतो. म्हणजे 'हेल्मेटने मान मोडते'वाल्यांनाही त्यात आधार नाही. (मी हेल्मेट घालते. आधीच सांगून ठेवते, नाहीतर मला कुठल्यातरी गटात टाकाल.)

गाडीवाला कोथरूडकर:
याला म्हणतात उत्तर! एकही जड शब्द नाही. चला, म्हणजे सक्ती चूकच.

चौकस:
हे कुठून आलं? पडल्यावर डोकं वाचतं, हे कुणी खोडलेलं नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ त्यासाठीच आहे. निळी शाईंचा आक्षेप मान्य, पण तुमची ही उडी नाही.

गाडीवाला कोथरूडकर:
बरं, सक्ती राहू द्या. पण चौकात पावत्या फाडणाऱ्यांनी आधी खड्डे बुजवावेत.

निळी शाई:
पावती फाडतात पोलीस, खड्डे महापालिकेचे. आणि खड्डे असतील तर हेल्मेट जास्तच लागेल ना?