अपूर्णांकांची बेरीज: आधी कागदी पट्ट्या की आधी पाढे?

फोंडेकर:
पाचवीच्या पेपरांत १/२ + १/३ = २/५ हे उत्तर हमखास दिसतं. लसावि काढायची रीत आपण आधी शिकवतो आणि अपूर्णांक केवढा असतो ते दाखवतच नाही, म्हणून. माझं मत ठाम आहे: पहिले चार-पाच तास लसाविचं नावही काढू नका. २४ सेंमीच्या कागदी पट्ट्या कापून द्या. अर्धी १२, तिसरा भाग ८, पाव ६, सहावा ४, आठवा ३. अर्धी आणि तिसरा भाग टोकाला टोक लावून ठेवले की २० सेंमी, म्हणजे सहाव्या भागाचे पाच तुकडे, ५/६. आता २/५ मोजा: ९.६ सेंमी, नुसत्या अर्ध्या पट्टीहूनही कमी! पाचव्या भागासाठी ३० सेंमीची वेगळी पट्टी लागेल. आणि घड्या घालून तीन भाग करायला लावू नका. ते सारखे येत नाहीत, तास त्यातच संपतो.

सांखळीकर:
साफ अमान्य. ७/१२ + ५/१८ कुठल्या पट्टीवर दाखवणार? १२ आणि १८ चे पाढे तोंडी असले की ३६ लगेच सापडतो: २१/३६ + १०/३६ = ३१/३६. पाढे कच्चे असलेलं मूल बोटं मोजत बसतं आणि मूळ पायरी विसरतं. डोक्यावरचा हा भार शिक्षण-मानसशास्त्रज्ञ जॉन स्वेलर यांनी १९८८ मध्येच मांडला आहे. त्यावर उपाय सोडवलेल्या उदाहरणांचा. पहिलं पूर्ण द्या, दुसऱ्यात शेवटची पायरी रिकामी, तिसऱ्यात शेवटच्या दोन, चौथं कोरं.

फोंडेकर:
सर, पट्टी ३६ भागांसाठी नाहीच, ती अंदाजासाठी आहे. ७/१२ अर्ध्याहून जास्त, ५/१८ पावाहून जास्त, म्हणजे उत्तर पाऊणच्या वर हवं. हा अंदाज असलेलं मूल १२/३० लिहून पुढे जाणार नाही.

काणकोणकर:
दोघेही भाषा विसरताय. आपल्याकडे गोव्यात चौथीपर्यंत मराठीत शिकलेलं मूल पाचवीत बहुतेक ठिकाणी इंग्रजीत गणित करतं. 'सब्ट्रॅक्ट १/३ फ्रॉम १/२' वाचून ते १/३ − १/२ मांडतं, कारण मराठीत ज्यातून वजा करायचं ती संख्या आधी येते. पाढे पक्के असूनही गुण जातात. निदान पहिले दोन आठवडे फळ्यावर दोन्ही वाक्यं एकाखाली एक लिहा आणि मुलांकडून फक्त मांडणी करून घ्या, उत्तर नको.

मडगावकर बाई:
सरावही मिसळून द्या. बेरजेची दहा गणितं सलग दिली की चिन्हाकडे कुणी बघतच नाही. ३/४ + १/६, ३/४ × १/६, ३/४ − १/६ शेजारी ठेवा. त्या दिवशी चुका वाढतील, पण म्हणून पद्धत सोडू नका.

सांखळीकर:
अंदाजाचं पटलं, पाच तासांचं नाही. पट्ट्यांना दोन तास पुरेत. तिसऱ्या तासापासून रोज पाच मिनिटं पाढे, आणि तेही उलटे: ३६ कुठकुठल्या पाढ्यांत येतो? ४८?