मदत हवी आहे: अर्धेच रिझल्ट्स हातात आहेत, दंतविज्ञान परिषदेला अ‍ॅबस्ट्रॅक्ट पाठवू का?

नमस्कार मंडळी,

एका दंतसंशोधन परिषदेची अ‍ॅबस्ट्रॅक्टची मुदत तोंडावर आलीये आणि माझं काम अर्ध्यावर आहे. इथे परिषदांना नेमाने जाणारे, अ‍ॅबस्ट्रॅक्ट तपासणारेही आहेत, म्हणून विचारते.

विषय साधाच: दोन युनिव्हर्सल अ‍ॅडेसिव्हची (दाताला फिलिंग चिकटवणारी द्रव्यं) डेन्टिनवरची (इनॅमलखालचा दाताचा थर) पकड. काढलेल्या अक्कलदाढा (एथिक्स कमिटीची परवानगी आहे), त्यावर कॉम्पोझिट (दाताच्या रंगाचं फिलिंग), मग मायक्रोटेन्साइल चाचणीसाठी (काडी तुटेपर्यंत ओढून ताण मोजणं) साधारण १ चौरस मिलिमीटर छेदाच्या काड्या. निम्म्या काड्या ३७ अंशांच्या पाण्यात २४ तास ठेवून ओढून झाल्या. उरलेल्या थर्मोसायकलिंगला (आलटूनपालटून थंड-गरम पाण्यात बुडवणं) जायच्यात: ५ आणि ५५ अंश, १०,००० फेऱ्या. यंत्र अजून मोकळं झालेलं नाही.

गाईड सर म्हणतात, "रिझल्ट्सच्या जागी 'निष्कर्ष परिषदेत सादर केले जातील' असं लिहून टाक, सगळेच लिहितात." सीनियरचं म्हणणं, असं वाक्य दिसलं की परीक्षक पुढे वाचतच नाहीत. खरं काय?

शब्दमर्यादा २५०. त्यातली निम्मी जागा मेथड्सच खातेय. रिझल्ट्स आणि कन्क्लुजनचा मसुदा असा (मूळ इंग्रजीत आहे):

"अ‍ॅडेसिव्ह 'अ'ची पकड 'ब'पेक्षा लक्षणीयरीत्या जास्त आढळली (पी < ०.०५). दोन्ही गटांची मूल्ये क्लिनिकली स्वीकारार्ह होती. 'अ' दीर्घकालीन वापरासाठी योग्य आहे."

आणखी एक, पुढे पूर्ण पेपर जर्नलला पाठवला तर "हे आधीच छापलंय" असं म्हणतील का? ओरल मागू की पोस्टर?

दातखीळ
सीनियरचं ऐका. मी अ‍ॅबस्ट्रॅक्ट तपासतो. "सादर केले जातील" म्हणजे गुण द्यायला हातात काहीच नाही. सगळेच लिहितात हे खरं आहे, सगळ्यांचेच परतही येतात.

यंत्र उद्या मिळालं तरी जमणार नाही. दोन्ही टाक्यांत ३०-३० सेकंद धरले तर एक फेरी एक मिनिटाची. १०,००० फेऱ्या म्हणजे ६ लाख सेकंद, अहोरात्र चालवून जवळजवळ सात दिवस. टाकी बदलताना जाणारा वेळ यात धरलेला नाही. त्यामुळे थर्मोसायकलिंगचा शब्दच अ‍ॅबस्ट्रॅक्टमधून काढा आणि २४ तासांचा स्वतंत्र, छोटा अभ्यास म्हणून लिहा. उद्देशही तेवढाच ठेवा. बाकीचं काम नंतर पूर्ण झालं आणि परिषदेच्या नियमांत बसलं, तर सादरीकरणात जोडता येईल.

आता मसुदा. पहिल्या वाक्यात आकडाच नाही. सरासरी आणि एसडी (मूल्यांचा पसारा) मेगापास्कलमध्ये द्या, नुसता 'पी' (खरा फरक नसताना एवढा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) देऊन किती फरक पडला ते कळत नाही. दुसरं वाक्य सरळ खोडा. किती मेगापास्कल म्हणजे "स्वीकारार्ह" याची सर्वमान्य रेषा नाही. तिसरं वाक्य तर फारच धाडसी! २४ तास पाण्यात ठेवलेल्या काडीवरून दीर्घकाळाबद्दल कसं बोलणार?

मेथड्समध्ये दात कशात साठवले, सॉ कुठली, लाइट किती सेकंद, यातलं बहुतेक जाऊ द्या. एच मोड मात्र ठेवा (वेगळं आम्ल न लावता, म्हणजे सेल्फ-एच, की आधी आम्ल लावून धुऊन, म्हणजे एच-अँड-रिन्स). युनिव्हर्सल अ‍ॅडेसिव्ह म्हटल्यावर पहिला प्रश्न तोच येतो.

गणपुले_नव्हे
जर्नलची काळजी नको. परिषदेतला अ‍ॅबस्ट्रॅक्ट किंवा पोस्टर याला आयसीएमजेईच्या (वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांची समिती) शिफारशींत पूर्वप्रकाशन धरत नाहीत. कव्हर लेटरमध्ये उल्लेख करा, झालं. आणि पोस्टर मागा. ओरलला मोजकी मिनिटं मिळतात, पोस्टरपाशी लोक उभे राहून भांडतात. शिकायला तेच बरं.

आकडेमोड
जरा थांबा. तो 'पी' कशावर काढलाय, दातांवर की काड्यांवर? एका दाढेतून बऱ्याच काड्या निघतात आणि त्या एकमेकींपासून स्वतंत्र नसतात. प्रत्येक काडी वेगळं सॅम्पल धरली की 'एन' (नमुन्यांची संख्या) फुगतो आणि 'पी' आपोआप लहान होतो. मायक्रोटेन्साइलच्या अभ्यासांत हा जुनाच आजार आहे. दातागणिक सरासरी घ्या, नाहीतर एकाच दातातल्या काड्यांचं नातं हिशोबात धरणारं मिक्स्ड मॉडेल वापरा. अ‍ॅबस्ट्रॅक्टमध्ये 'एन' म्हणजे दात की काड्या हे स्पष्ट लिहा.

आणि कापतानाच, चाचणीआधी तुटलेल्या काड्यांचं काय केलं? शून्य धरल्या की वगळल्या? एका ओळीत सांगा. वगळल्या तर कमकुवत अ‍ॅडेसिव्हचा आकडा उगाच चांगला दिसतो.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. काड्यांवरच काढला होता, डिपार्टमेंटमध्ये तीच पद्धत आहे. आता दातागणिक सरासरी घेऊन पुन्हा केलं (आधी तुटलेल्यांची संख्या वेगळी दिली आहे). 'अ'ची सरासरी अजूनही जास्त आहे, पण पी ०.०५ च्या वर गेला. आता पाठवण्यात अर्थ आहे का? सर म्हणतात जुनाच आकडा ठेव.

आकडेमोड
अर्थ आहे. जुना आकडा ठेवू नका. सरांना दोन्ही गणितं शेजारी ठेवून दाखवा, विषय तिथेच मिटेल. सरासऱ्यांमधला फरक आणि त्याचा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा फरक साधारण कुठून कुठपर्यंत असू शकतो तो पट्टा) द्या. "दोन्ही सारखेच आहेत" असं मात्र लिहू नका. दात कमी असतील तर असलेला फरकही निसटतो.

दातखीळ
+१. फरक सिद्ध झाला नाही म्हणून मी अ‍ॅबस्ट्रॅक्टचे गुण कापत नाही, कन्क्लुजन आकड्यांच्या पुढे पळालं की कापतो.

धागाकर्ती
मग कन्क्लुजन असं चालेल? "प्रस्तुत प्रयोगशाळेतील अभ्यासात सेल्फ-एच पद्धतीने वापरलेल्या दोन अ‍ॅडेसिव्हच्या डेन्टिनवरील पकडीत २४ तासांनंतर सांख्यिकीयदृष्ट्या लक्षणीय फरक आढळला नाही."

दातखीळ
चालेल. "२४ तासांनंतर" शीर्षकातही घाला आणि सगळ्या सहलेखकांचा होकार मेलवर घेऊन ठेवा, सरांचा धरून. शेवटच्या रात्री पोर्टल रडतं, आदल्या दिवशीच सबमिट करा.