वडिलांना हॉस्पिसमध्ये न्यावं का? मदत हवी आहे (ता. केज, जि. बीड)

नमस्कार मंडळी. घाईत लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

आण्णा, वय ७१, जिभेचा कॅन्सर. गेल्या वर्षी संभाजीनगरच्या सरकारी कॅन्सर हॉस्पिटलात शेक (रेडिएशन) झाले. दिवाळीनंतर मानेवर पुन्हा गाठ आली. मागच्या महिन्यात एका खाजगी दवाखान्यानं फाईल हातात दिली, "आता घरीच न्या" म्हणाले आणि दुखण्यासाठी ट्रामाडॉलच्या दोन स्ट्रिपा लिहून दिल्या. बस, एवढंच.

आता नाकात नळी आहे, गाठ फुटून जखम झालीय. वास एवढा की नातवंडं वसरीवर येत नाहीत. बोलता येत नाही म्हणून पुतणीची पाटी त्यांच्याजवळ ठेवलीय. दिवसा लिहितात: "पाणी", "कूस", "सोयाबीनचं बी आणलं का". रात्री दोननंतर अक्षरं जातात, नुसत्या रेघा. परवा दाबून दाबून पेन्सिल तुटली. आई पदरानं पाटी पुसते आणि परत त्यांच्या हातात देते.

धाकटा भाऊ पुण्यात असतो. तो म्हणतो वारज्याच्या सिप्ला सेंटरला नेऊ, म्हणजे हॉस्पिस, बऱ्या न होणाऱ्या पेशंटचं दुखणं आटोक्यात ठेवतात ते. चुलते म्हणाले, "बापाला आश्रमात नेऊन टाकायलास व्हय?" भावकीचाही तोच सूर. आईला धास्ती की तिकडंच काही झालं तर. आण्णांनी तर मागंच सांगून ठेवलंय, जीव आपल्या वसरीवर जाऊ द्या.

एकदा नेलं की शेवटपर्यंत तिथंच ठेवावं लागतं का? दुखण्यावर तिथं मॉर्फिन देतात, त्यानं माणूस लवकर जातो म्हणतात, खरं आहे का?

मांजराकाठी: माझ्या सासूबाईंना तिथंच नेलं होतं. १९९७ पासूनचं सेंटर आहे, पैसे घेत नाहीत. घरचं माणूस सोबत राहतं, म्हणजे टाकून यायचा प्रश्नच नाही. दुखणं आटोक्यात आलं, जखम कशी धुवायची ते नणंद शिकली, मग आम्ही त्यांना गावी आणलं. चुलत्यांना एवढंच सांगा. (आमच्याकडं बोलणारे बरेच होते, रात्री जागायला कुणी आलं नाही.)

रात्रपाळी: मी नर्स आहे. नीट मात्रेत दिलेल्या मॉर्फिननं मरण लवकर येत नाही. व्यसनाची भीती तर या टप्प्यावर सोडाच. गोळी दुखायची वाट न बघता घड्याळावर द्यायची, साधी गोळी बहुधा दर चार तासांनी. पहिले काही दिवस गुंगी, मळमळ होते, नंतर कमी होते. बद्धकोष्ठ मात्र कमी होत नाही, म्हणून पोट साफ व्हायचं औषध पहिल्या दिवसापासूनच मागा. साधी गोळी कुटून पाण्यात नळीवाटे देता येते. हळूहळू सुटणारी, म्हणजे एसआर गोळी, कधीच कुटू नका, सगळं औषध एकदम अंगात उतरतं. वासासाठी मेट्रोनिडॅझोलची भुकटी जखमेवर टाकतात. हे तर उद्याच डॉक्टरांना विचारा, पुण्याला जाईपर्यंत थांबू नका.

आणि खरी अडचण परत आल्यावरची आहे. २०१४ ला कायदा बदलला, मॉर्फिन ठेवायला मान्यताप्राप्त संस्थेला आता एकच परवाना लागतो, पण गावच्या मेडिकलवर ते मिळायचं नाही. संपलं तर कुठून आणायचं? बीडचं जिल्हा रुग्णालय आणि अंबाजोगाईचं मेडिकल कॉलेज, दोन्हीकडं निघायच्या आधी चौकशी करा. शेवट घरी व्हावा असं वाटत असेल तर मृत्यूचं कारण लिहून देणारा डॉक्टरही आत्ताच बोलून ठेवा. त्या दिवशी धावाधाव नको.

धागाकर्ता: दोघांचे खूप आभार. आज मेट्रोनिडॅझोल सुरू केलं. आण्णांना सगळं सांगितलं, की नेऊन परत आणायचंय. बराच वेळ पाटीकडं बघत बसले, मग लिहिलं, "मृगाच्या आत". आई सोबत जाणार. चुलत्यांनी अजून काही म्हटलं नाही, पण गाडी त्यांनीच ठरवली.

गुरुवारी पहाटे निघतोय, ऊन चढायच्या आत जमेल तेवढं अंतर कापायचं. सहा-सात तासांच्या रस्त्यात नळीतून ताक, पाणी कसं द्यायचं? झोपवून दिलं तर ठसका लागेल का? कुणी जाऊन आलं असेल तर आज रात्रीच सांगा.

रात्रपाळी: झोपवून अजिबात नको. पाठीला उशा लावून अर्धवट बसवा, गाडी बाजूला थांबवून सावकाश द्या, नंतर अर्धा तास तरी तसंच बसू द्या. आणि पाटी विसरू नका.