हेडफोनवर ७.१: मागचे स्पीकर झकास, पण संवाद कपाळातून येतात. मदत हवी आहे

विंडोजवर इक्वलायझर एपीओ (सगळ्या आवाजाला फिल्टर लावणारं सॉफ्टवेअर) आणि त्यावर हेसुवी (७.१, म्हणजे सात स्पीकर आणि एका सबवूफरचा आवाज हेडफोनवर भासवणारं) बसवलंय. हेडफोन साधे स्टिरिओ, ओपन-बॅक (मागून उघडे). एका खोलीत डमी हेड (कानात माइक असलेलं कृत्रिम डोकं) ठेवून घेतलेला बायनॉरल रूम इम्पल्स रिस्पॉन्स (बीआरआयआर), म्हणजे स्पीकरचा आवाज खोलीतून दोन्ही कानांपर्यंत कसा पोचतो त्याची नोंद, वापरतोय. १४ चॅनलची वेव्ह फाइल, म्हणजे ७ स्पीकर आणि प्रत्येकाचे २ कान.

बाजूचे आणि मागचे स्पीकर अफलातून. मागे दार आपटलं की मान आपोआप वळते. रड आहे ती सेंटरची, म्हणजे समोरच्या मधल्या स्पीकरची. संवाद स्क्रीनवरून यायला हवेत, ते येतात कपाळाच्या आतून, कधी तर थेट टाळूवरून. शिवाय ‘स’ आणि ‘श’ कानाला टोचतात.

विंडोजचं स्पेशियल साउंड (त्याची स्वतःची सराउंड सोय) बंद आहे. प्रत्येक चॅनल वेगळा वाजवून पाहिला, अदलाबदल नाही. खोलीचा प्रतिध्वनी नसलेला एचआरआयआर (फक्त डोकं आणि कानांची तशीच नोंद) लावला तर सगळंच डोक्यात शिरतं, त्यामुळे तो बाद.

आता जास्त रेव्हर्बवाला (प्रतिध्वनीचा) बीआरआयआर शोधू, हेडफोनला ईक्यू लावू (काही फ्रिक्वेन्सी कमी-जास्त करू), की कानात माइक घालून स्वतःचंच मोजमाप करू? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद १
फाइल आणि डिव्हाइसचा सॅम्पल रेट (आवाजाचे सेकंदाला किती नमुने) एकच आहे ना? ४४.१ आणि ४८ किलोहर्ट्झची सरमिसळ चालत नाही. रेव्हर्ब वाढवून आवाज लांब गेल्यासारखा वाटेल, पण संवाद गढूळ होतील. त्या वाटेला जाऊ नका.

प्रतिसाद २
सेंटरच आधी का बिघडतो ते सांगतो. बाजूचा आवाज एका कानाला आधी पोचतो, दुसऱ्याला जास्तीत जास्त ०.६ ते ०.७ मिलिसेकंदांनी उशिरा. एवढा फरक मेंदूला पुरतो, कान डमी हेडचे असले तरी. नाकासमोरच्या आवाजात हा फरक जवळपास शून्य. मग भिस्त उरते कानाच्या पाळीच्या घड्यांमुळे वरच्या फ्रिक्वेन्सीत पडणाऱ्या खाचांवर, आणि त्या ज्याच्या त्याच्या वेगळ्या. त्यात मान हलवली की स्पीकरही सोबत फिरतात, म्हणजे खऱ्या खोलीत पुढचं-मागचं ओळखायची जी सोय असते तीही गेली.

टोचण्याचं कारण वेगळं. कानामुळे आवाजाला येणारा रंग बीआरआयआरमध्ये आहेच, आणि बहुतेक हेडफोनही ३ किलोहर्ट्झच्या आसपास तसाच उठाव देतात. दोन्ही एकावर एक चढतात. त्यावर हेडफोन कॉम्पेन्सेशन (हेडफोनचा स्वतःचा उठाव काढून टाकणारं ईक्यू) हवं, ते आधी करा. त्याच डमी हेडवर मोजलेला तुमच्या मॉडेलचा आलेख मिळाला तर उत्तम.

प्रश्नकर्ता
दोन्हीकडे ४८ च आहे. ३ किलोहर्ट्झला थोडं कापलं, टोचणं बरंच कमी झालं. सेंटर मात्र कपाळातच. म्हणजे मोजमाप अटळ? माझ्याकडे स्पीकर दोनच आहेत.

प्रतिसाद २
दोन पुरतात. खुर्ची फिरवून बाकीचे कोन घेता येतात, इम्पल्सिफरमध्ये (स्वतःचा बीआरआयआर मोजायचं सॉफ्टवेअर) ती सोय आहे. फक्त खोलीचा प्रतिध्वनीही तुमच्यासोबत फिरतो, तेवढं चालवून घ्या. माइक कानाच्या छिद्राच्या तोंडाशी घट्ट बसवा, स्पीकरचे स्वीप (खालच्या फ्रिक्वेन्सीपासून वरपर्यंत चढत जाणारा सूर) घ्या, मग माइक न हलवता वरून हेडफोन चढवून तोच स्वीप पुन्हा. कॉम्पेन्सेशन त्यातूनच निघतं. मध्ये माइक सरकला तर सगळं पहिल्यापासून.

प्रश्नकर्ता
खाली रस्ता आहे, गोंगाट असतो. स्वीपचा आवाज वाढवू का?

प्रतिसाद २
आवाजापेक्षा लांबी वाढवा. स्वीप दुप्पट लांब केला की गोंगाटाच्या तुलनेत साधारण ३ डेसिबल पदरात पडतात. आणि पंखा बंद ठेवा.