फ्रीझ-ड्राइड (गोठवून वाळवलेल्या) जेवणाच्या बादल्या घ्याव्यात की डाळ-तांदूळच भरून ठेवावा? (ह्यूस्टन)

बायूकाठ: ह्यूस्टनला आम्ही दोघं, दोन मुलं आणि आई. फेब्रुवारी २०२१ च्या थंडीत वीज गेली, नळाचं पाणी उकळून प्या म्हणून सांगितलं, दुकानातली शेल्फं रिकामी, तेव्हापासून वाटतंय घरात महिन्याभराचं खाणं हवंच. २५ वर्षं टिकणाऱ्या बादल्या मिळतात पण महाग आहेत, आणि शाकाहारी म्हटलं की तीच ती चीझ मॅकरोनी नि बटाट्याचं सूप, आईला ते जाणारच नाही. काय करू?

माजघर: आधी डाळ-तांदूळच. पांढरा तांदूळ मायलर (जाड, चकचकीत, हवाबंद) पिशवीत ऑक्सिजन अ‍ॅब्सॉर्बरची (आतला ऑक्सिजन शोषून घेणारी) पुडी टाकून सील केला तर २५-३० वर्षं टिकतो. ब्राऊन राईस नको, त्यात तेल असतं, सहा महिन्यांतच खवट व्हायला लागतो, दाणे-खोबऱ्याचंही तेच. साखर-मिठात पुडी टाकू नका, साखर घट्ट होऊन बसते. आणि प्लीज गॅरेजमध्ये काही ठेवू नका, टेक्सासच्या उन्हाळ्यात तिथे भट्टी असते आणि ते वर्षांचे आकडे थंड, कोरड्या जागेचे आहेत.

स्वयंपाकी_नागपूर: पण वीज नसताना डाळ शिजवणार कशावर? जुनी डाळ तर आणखीच वेळ खाते. फ्रीझ-ड्राइडचा फायदा तिथे आहे, गोठवून निर्वातात ठेवलं की बर्फाची थेट वाफ होते, जवळजवळ ९८% पाणी जातं पण आतली रचना मोडत नाही, म्हणून गरम पाणी ओतलं की दहा-पंधरा मिनिटांत खाण्याजोगं. मी तयार जेवण घेत नाही, नुसते मटार, मका, पालक यांचे डबे घेते, आपल्या खिचडीत जातात. बादली घेतलीच तर सर्व्हिंगचा आकडा सोडा, एकूण कॅलऱ्या बघा, माणशी रोज २००० धरून भागा म्हणजे खरे दिवस कळतील. मीठही फार असतं, आईंना बीपी असेल तर नीट वाचा. आणि पाणी! माणशी रोज एक गॅलन (साधारण पावणेचार लिटर), पाच जणांना दोन आठवड्यांचे ७० गॅलन. त्याशिवाय हे डबे काय कामाचे?

कोकणी_डॅलस: पोहे आणि सातूचं पीठ विसरू नका, विस्तव लागतच नाही, पोहे भिजवले, मेतकूट-मीठ घातलं की आईंचं जेवण झालं. ही मात्र काही महिन्यांची वस्तू, नवं मागे जुनं पुढे असं फिरवत राहा. घरी वाळवलेली भाजी जरा जरी मऊ लागली तर ऑक्सिजनची पुडी टाकून बंद करू नका, बोट्युलिझमची (हवेशिवाय वाढणाऱ्या जंतूंच्या विषबाधेची) भीती असते. कॅम्प स्टोव्ह, शेगडी बाहेरच. २०२१ ला ह्यूस्टनमध्ये घरात साठलेल्या कार्बन मोनॉक्साइडनं (जळणातून निघणाऱ्या विषारी वायूनं) माणसं गेलीत.

बायूकाठ: मग पाणी आणि पोहे या शनिवारीच आणतो, तांदूळ पुढच्या आठवड्यात, मटार-मक्याचे डबे थोडे थोडे. मायलर सील करायला वेगळं मशीन लागतं का?

माजघर: नाही, केस सरळ करायची इस्त्री चालते. फक्त कडेला पीठ-भुसा लागू देऊ नका, तिथे सील धरत नाही.